‘भाषा’ सर्बियन आणि ‘बोली’ बोडो?

सर्बियन ही ‘भाषा’ आणि बोडो ही ‘आसामातली एक बोली’, अशी विभागणी मोठ्या आत्मविश्वासाने केली जाते. ती ऐकायला सोपी आहे, म्हणूनच खपते. इतिहास तिला दुजोरा देत नाही.

वुक कराजिच याने १८१४ मध्ये सर्बियनचे व्याकरण आणि १८१८ मध्ये शब्दकोश छापला. कोशाचा आधार त्याच्या घरची बोली; तीत दुधाला ‘म्लियेको’ म्हणतात. बेलग्रेड आणि नोवी साद यांनी त्याचा लोकभाषेचा आग्रह अखेर मान्य केला, उच्चार मात्र आपलाच राखला: ‘म्लेको’. आग्नेय सर्बियातील बोलीत तर बहुतेक विभक्ती झडून गेल्या आहेत आणि व्याकरणाने ती बल्गेरियनच्या अंगणात जाऊन बसते. तरीही ती सर्बियनची ‘बोली’च! उलट बेलग्रेडच्या माणसाला दुभाष्याविना कळणारी झाग्रेबची प्रमाणभाषा आज स्वतंत्र ‘भाषा’ आहे. यात व्याकरण किती आणि सरहद्द किती, हे उघड आहे.

आता बोडो. सिडनी एन्डल या मिशनऱ्याचे १८८४ चे व्याकरण दरंग जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वेकडील बोलीचे. पुढे प्रमाण रूप उभे राहिले ते पश्चिमेकडील, कोक्राझार परिसरातील बोलीवर. पहिला व्याकरणग्रंथ एकीकडचा आणि प्रतिष्ठा दुसरीकडची, हे सर्बियातही घडले होते. तिथे त्याला कुणी मागासलेपण म्हणत नाही.

१९५२ मध्ये बोडो साहित्य सभा स्थापन झाली, १९६३ मध्ये प्राथमिक शाळांत बोडो माध्यम आले. १९७४-७५ मध्ये रोमन लिपीच्या मागणीसाठी आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे मेली, आणि अखेर देवनागरी स्वीकारली गेली. मराठी वाचकाला बोडो मजकूर अक्षरशः वाचता येतो, तो या तडजोडीमुळे. (वाचता येतो, कळत मात्र नाही, कारण ही भाषा तिबेटी-बर्मी कुळातली.) आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले ते २००३ मध्ये. तरीही ‘बोली’ हा शिक्का पुसला जात नाही.

खरा फरक आहे तो साधनांचा. सर्बियनच्या मागे राज्य होते, छापखाने होते, विद्यापीठे होती. बोडोला ती उशिरा आणि झगडून मिळाली. कोक्राझारच्या प्रमाण रूपाने दरंगच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हटले, तर बोडो लेखकांना बाहेरच्यांविरुद्ध वापरलेला युक्तिवाद स्वतःलाही लावावा लागेल.