सूर विकत मिळत नाही, लावावा लागतो

हौशी गिटारवादकांच्या गप्पा हल्ली गाण्यांवरून सुरू होतात आणि सामानावर येऊन थांबतात. कोणती गिटार, कोणता पिकअप, कोणता अ‍ॅम्प, कोणते पेडल. या सगळ्या खटाटोपाला एक नाव आहे : टोन. आवडत्या वादकाच्या रेकॉर्डवर जो आवाज ऐकू येतो, तो आपल्या गिटारमधून यावा एवढीच इच्छा असते. दिवसभर नोकरी करून रात्री तासभर वाजवणाऱ्या माणसाची ही इच्छा रास्त आहे. पण ती पुरी करण्यासाठी तो जो रस्ता धरतो, तो बहुतेक वेळा दुकानात जातो. एक पेडल येते, दोन आठवडे आनंदात जातात, मग ते निम्म्या किमतीत विकून दुसरे येते.

माझे म्हणणे साधे आहे. या शोधात पैशाचे काम थोडे आहे. हाताचे, कानाचे आणि कारागिराचे काम मोठे आहे. मराठी मुसलमानाला तर हे बाहेरून कुणी सांगायची गरज नसावी. ते हुनर आपल्याच घरात आहे.

आधी हा आवाज बनतो कसा ते पाहू. इलेक्ट्रिक गिटारची तार थरथरते, तिच्याखालचा चुंबकाचा पिकअप त्या थरथरीचा विजेचा संदेश करतो, अ‍ॅम्प तो मोठा करतो आणि स्पीकर आपल्याला ऐकवतो. या साखळीत सर्वांत दुर्लक्षित कडी शेवटची आहे. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गाळून टाकतो. म्हणून तर फाटलेला, खरखरीत डिस्टॉर्शन त्यातून ऐकताना कानाला सुसह्य होतो. तेच पेडल थेट कॉम्प्युटरला जोडून हेडफोनवर ऐकले की माशा घोंघावल्यासारखे वाटते. मग माणूस पेडलला दोष देतो आणि नवे मागवतो. पेडल ठीकच असते, स्पीकरची कडी गायब असते. ती कडी भरून काढणारे कॅबिनेटचे सॉफ्टवेअर फुकटही मिळते.

दुसरी गोष्ट आपल्या कानाची. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खर्जातले आणि अतितीव्र स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. घरचे झोपलेले असताना हळू आवाजात लावलेला टोन म्हणूनच पोकळ वाटतो. आपण बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो. तोच टोन सभागृहात मोठ्याने वाजवला की खाली घुमतो आणि वर टोचतो. यात गिटारचा काही गुन्हा नाही.

तिसरी गोष्ट रेकॉर्डची. रेकॉर्डिंगमध्ये बास आणि ड्रमला जागा मिळावी म्हणून गिटारचा खालचा भाग बऱ्याचदा कापून टाकतात. ज्या भरदार आवाजाच्या मागे आपण धावतो, त्यातला निम्मा भरदारपणा बासवाल्याचा असतो. ती गिटार एकटी ऐकली तर अनेकदा बारीक आणि कोरडी निघते. म्हणजे जो आवाज मूळ गिटारमधून कधी निघालाच नव्हता, तो आपल्या गिटारमधून निघत नाही म्हणून आपण पैसे खर्च करत राहतो.

आता ज्यांच्या टोनची नक्कल होते, त्यांनी तो कुठून आणला ते पाहा. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात बासचा आवाज मध्येच फाटतो. स्टुडिओतल्या यंत्रात बिघाड झाला होता आणि तो आवाज तसाच ठेवला गेला. पुढच्याच वर्षी तो बिघाड मुद्दाम घडवणारी माएस्ट्रो फझ-टोन नावाची डबी बाजारात आली. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने ती जगभर पोचवली. १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने लहानशा अ‍ॅम्पच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडला आणि ‘यू रिअली गॉट मी’चा आवाज मिळवला. ब्रायन मेने १९६३ साली वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. तिच्या मानेचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे होते. तो प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरतो.

टोनी आयोमीची गोष्ट तर डोळ्यांत पाणी आणणारी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात अपघात होऊन त्याच्या दोन बोटांची टोके गेली, आणि तीही तारा दाबायच्या हाताची. त्याने प्लास्टिक वितळवून स्वतःच बोटांना टोपणे केली, दाबायला सोप्या पडाव्यात म्हणून हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. ब्लॅक सॅबथचा तो जड, काळाकभिन्न आवाज असा घडला. गरजेतून, अडचणीतून आणि बिघाडातून निघालेल्या या आवाजांच्या नकला आज वादकांची नावे छापून विकल्या जातात. आपण नकलेचे पैसे भरतो. त्या माणसाने आपली अडचण ओळखून हातातल्या वस्तूशी जी झटापट केली, ती मात्र कुठल्या डबीत येत नाही.

ही झटापट आपल्या परंपरेला परकी नाही. नवव्या शतकात बगदादहून कुर्तुब्याला गेलेला झिरयाब उदवादक होता. त्याने उदाला पाचवी तार जोडली आणि लाकडी नखीऐवजी गरुडाच्या पिसाची नखी वापरली, असे अल-मक्करी या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. त्याने तारा कशाच्या बनवल्या, याचाही तपशील तिथे येतो. हजार-बाराशे वर्षांपूर्वीची ही टोनचीच चिकित्सा होती.

एवढे लांबही जायला नको. आपली मिरज आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार मुसलमान घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेबांचे नाव त्यात पहिले घेतले जाते. पुढे त्यांचे आडनावच सतारमेकर झाले. पंढरपूर भागातला भोपळा, त्यावर लाकडाची दांडी, आणि सर्वांत शेवटी जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी पुसट उतार असतो. थरथरणारी तार त्या उतारावर घासत राहते आणि स्वरात झणकार भरतो. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस फिरवतो. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा शोधतो. जवारी खुली हवी की बंद, हे तो गाणाऱ्याला विचारतो. गिटारवाले ज्याला ‘ब्राइट’ आणि ‘वॉर्म’ म्हणतात, त्याच्याच जवळचे हे दोन शब्द आहेत. फरक एवढाच की इथे टोन बदलण्यासाठी वाद्य बदलत नाहीत.

मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यांची दुरुस्ती करत. किराणा घराण्याची ती सुरेल, लांबवलेली आस आणि तंबोरा जुळवण्याबद्दलचा त्यांचा काटेकोरपणा वेगळा काढताच येत नाही. त्यांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात आजही उरुसात गाणे होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आपल्या समाजात गिटार घेतलेल्या मुलाला पहिला प्रश्न विचारला जातो तो वाद्य जायज आहे का, हा. उलेमांमध्ये यावर शतकानुशतके मतभेद आहेत आणि ते या लेखाने मिटणार नाहीत. ज्याची श्रद्धा त्याला वाद्यापासून दूर राहायला सांगते, त्याने खुशाल दूर राहावे. पण हाच समाज पिढ्यान्‌पिढ्या वाद्ये घडवत आला, त्यावर घरे चालवत आला, हे विसरून मुलाला घरात चोरासारखी गिटार लपवायला लावू नये. वाजवणाऱ्याला मी वेगळा प्रश्न विचारेन, आणि तोही दीनमधलाच आहे : इस्राफचे काय? वाहत्या नदीच्या काठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असे आपल्याला शिकवले जाते. मग कपाटात पाच पेडल्स पडून असताना सहाव्यासाठी हप्ते भरणे याला काय म्हणायचे?

यावर कुणी म्हणेल, स्वस्त गिटार सुरातच राहत नाही, तिच्यावर रियाज कसा करायचा? बरोबर आहे. खुंट्या घसरत असतील, पट्ट्या वरखाली असतील, तर नवशिक्याचे बोट आणि मन दोन्ही दुखते. सामानाला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. त्याचा क्रम चुकतो असे म्हणतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड दमट हवेने हलते, मान वाकते, तारांची उंची बदलते. कोकणात आणि मुंबईत तारा लवकर गंजतात आणि गंजलेली तार कितीही महागड्या अ‍ॅम्पमधून मेलेलीच ऐकू येते. पहिला खर्च तारांच्या नव्या संचाचा. दुसरा खर्च जाणकार कारागिराकडून गिटार नीट लावून घेण्याचा : मानेचा बाक, तारांची उंची, आणि बाराव्या पट्टीवरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट येतो की नाही, हे तपासणे.

त्यानंतरची कामे फुकट आहेत. गिटारवरचे टोनचे बटण फिरवून पाहा. बरेचजण ते कायम दहावर ठेवतात. घोडीजवळ छेडले तर आवाज धारदार येतो, मानेजवळ छेडले तर गोल. पिक जाड घेतले, तिरके धरले, बोटाने वाजवले, की प्रत्येक वेळी वेगळा टोन. मोबाइलवर स्वतःचे वाजवणे रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. बहुतेकदा दोष टोनमध्ये नसून लयीत सापडतो, आणि लय सुधारणारे पेडल अजून कुणी बनवलेले नाही.

यात आणखी एक गोष्ट पणाला लागली आहे. बंद डबी बिघडली की फेकायची आणि नवी मागवायची, ही सवय लागली की कानस घेऊन बसणाऱ्या माणसाकडे कुणी जात नाही. कुणी जात नाही म्हणून त्याचा मुलगा दुसरे काम शोधतो. मग एक दिवस वाद्य असते, पैसेही असतात, पण ते लावून देणारा हात गावात नसतो. सतारीच्या बाबतीत ही काळजी मिरजेत आहे. गिटारच्या बाबतीत तर अनेक गावांत असा हात तयारच झालेला नाही. तो तयार व्हायचा असेल तर त्याच्याकडे काम गेले पाहिजे. सतारमेकरांच्या समाजातल्या एखाद्या मुलाने गिटारच्या पट्ट्या घासायला शिकावे, त्यावर पोट भरावे, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. हत्यारांवरून सतारीवर आलेल्या हातांना गिटार किती दूर?

तेव्हा पुढच्या पेडलसाठी जे पैसे बाजूला ठेवले असतील, त्यातले थोडे अशा कारागिराला द्या आणि त्याच्याजवळ बसून तो काय करतो ते बघा. उरलेले पैसे वर्षभर तसेच राहू द्या. वर्षाने तुम्हाला ते पेडल खरेच हवे असेल, तर ते कशासाठी हवे हे तरी तुम्हाला नेमके सांगता येईल.