हरण्याची बिदागी

७ एप्रिल २०२३ रोजी एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने शिकागो बुल्सविरुद्ध कायरी अर्विंगसह बरेचसे भरवशाचे खेळाडू बसवून ठेवले. लुका डोन्चिचलाही दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच बाकावर पाठवले. पुढच्या टप्प्यात जाण्याची संधी तेव्हा शिल्लक होती. पण त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, डॅलसचा निवडहक्क पहिल्या दहाबाहेर घसरला, तर तो न्यूयॉर्कला द्यावा लागणार होता. डॅलस रीतसर हरले. एनबीएने ७ लाख ५० हजार डॉलर दंड ठोठावला. त्या लीगमध्ये नवख्या खेळाडूचा वर्षाचा किमान पगारही याहून जास्त असतो! वाचवलेला दहावा क्रमांक बदलून डॅलसने डेरेक लाइव्हली हा उंचापुरा सेंटर मिळवला आणि वर्षभरात त्याच्यासह अंतिम फेरी गाठली. दंड वसूल, वर नफा.

दुबळ्याला आधी निवड, हे ड्राफ्टचे तत्त्व कागदावर उदात्त आहे. प्रत्यक्षात ते हरणाऱ्याला बिदागी देते. म्हणून १९८५ पासून वरच्या निवडींसाठी सोडत आली. २०१९ मध्ये तळाच्या संघाची पहिल्या निवडीची शक्यता २५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आणली. त्याने काय साधले? २०२५ मध्ये ६५ सामने हरलेल्या युटाला पाचवी निवड मिळाली आणि अवघी १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिली, म्हणजे कूपर फ्लॅग! डोन्चिचला लेकर्सकडे धाडून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. मुद्दाम हरणारे मात्र कमी झाले नाहीत.

होणार कसे? दुखणे सोडतीत नाही, करारात आहे. १९९५ पासून नवोदितांचे पगार निवडीच्या क्रमांकानुसार आधीच ठरलेले असतात. व्हिक्टर वेम्बान्यामा २०२३ मध्ये पहिली निवड म्हणून सॅन अँटोनिओत आला, तेव्हा संघाची पगारमर्यादा सुमारे १३ कोटी ६० लाख डॉलर होती आणि त्याचा पगार सुमारे १ कोटी २० लाख. म्हणजे नऊ टक्क्यांहून कमी. पाचजणांच्या खेळात एक असा खेळाडू अख्ख्या संघाचे रूप पालटतो, आणि तो असा कवडीमोलाने मिळत असेल, तर हंगामभर हरणे हा सरळ शहाणपणाचा व्यवहार ठरतो. फिलाडेल्फियाने २०१५-१६ मध्ये ८२ पैकी १० सामने जिंकून तोच केला. पदरात फारसे पडले नाही, ही गोष्ट वेगळी.

याचीच दुसरी बाजू म्हणजे कमाल पगाराची मर्यादा. मुरलेल्या ताऱ्यालाही संघाच्या मर्यादेच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे देता येत नाही. २०१० मध्ये जेम्स, वेड आणि बॉश हे तिघे तारे मायामीत एकत्र मावले ते त्यामुळेच. खऱ्या बाजारभावाने एकट्या जेम्सनेच तिजोरी रिकामी केली असती आणि उरलेले दोघे दुसऱ्या गावांना गेले असते. संघांत समतोल हवा असेल, तर संघाची मर्यादा कडक ठेवा, खेळाडूची काढून टाका. नवोदितांनाही खुल्या बोलीने घ्या. आयपीएलच्या लिलावात तळाच्या संघाला त्याच्या पराभवांबद्दल जादा थैली मिळत नाही, तरी स्पर्धा रंगतेच.

मालक याला राजी होणार नाहीत, हे उघड आहे. खेळाडूंच्या संघटनेचेही मन होणार नाही, कारण तिथे बहुमत मधल्या फळीचे आहे आणि ताऱ्याचा दाबलेला पगार त्यांच्याच वाट्याला येतो. सध्याचा सामूहिक करार २०२९-३० पर्यंतचा आहे. तोवर आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी निदान दंड डॉलरमध्ये घेणे थांबवावे आणि निवडहक्कच काढून घ्यावा. नवे काही शोधायला नको: २००० मध्ये जो स्मिथ या खेळाडूशी चोरटा करार केल्याबद्दल याच लीगने मिनेसोटाचे पहिल्या फेरीचे निवडहक्क जप्त केले होते.