खाण रिकामी आहे, गाव नाही!

बंगळूर : या शहरापासून पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. शंभराहून अधिक वर्षे खाणकामगारांनी, त्यांतही बहुसंख्य दलित तामिळ श्रमिकांनी, तीन किलोमीटरहून अधिक खोल उतरून तेथून सोने काढले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी या खाणी बंद झाल्या. कामगारांच्या वाट्याला आली ती बेकारी आणि वस्तीलगतचे सायनाइडमिश्रित मातीचे डोंगर.

एवढ्यावर भागले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये कूडनकुळम प्रकल्पाच्या खटल्यात केंद्र सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले की, तेथील अणुकचरा पुढे कोलारच्या खाणींत ठेवला जाईल. खाणवस्तीतील जनता रस्त्यावर उतरली आणि काही दिवसांतच सरकारला आपले शब्द गिळावे लागले. विधान मागे घेतले गेले; त्यामागची वृत्ती मात्र गेली नाही.

काय आहे ही वृत्ती? जेथील माणसांचे श्रम पिळून घेतले, तीच जागा कचऱ्यासाठी ‘मोकळी’ समजायची! १९०२ साली शिवनसमुद्राची वीज प्रथम कोलारच्या खाणींकडे नेण्यात आली, कारण नफा तेथे होता. आता नफा अन्यत्र आहे, म्हणून कोलारला राख!

शास्त्राचा हवाला देणारे म्हणतात, तेथील खडक कठीण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने याच खाणीत सुमारे १००० मीटर खोलीवर खडक तापवून प्रयोग केले, हे खरे आहे. पण या खाणी स्फोटासारख्या खडकफुटीबद्दल कुप्रसिद्ध आहेत आणि पंप थांबल्यापासून त्यांत पाणी भरले आहे, हेही तितकेच खरे नव्हे काय? प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यासच सुमारे २४,००० वर्षे लागतात. काचेत गोठवलेल्या कचऱ्यालाही पाण्यापासून जपावेच लागते.

या संदर्भात शिवराम कारंतांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. काळी नदीकाठच्या अरण्यात कैगा प्रकल्प येऊ घातला, तेव्हा या ज्ञानपीठविजेत्या लेखकाने त्याला विरोध केला, न्यायालयात दाद मागितली आणि १९८९ साली वयाच्या ८७ व्या वर्षी लोकसभेची निवडणूकही लढवली. ते पराभूत झाले, पण त्यांचा प्रश्न पराभूत झाला नाही. मे १९९४ मध्ये कैग्याच्या घुमटाचे काँक्रीट बांधकाम चालू असतानाच कोसळले. नोव्हेंबर २००९ मध्ये कामगारांच्या पिण्याच्या पाण्यात किरणोत्सारी ट्रिटियम मिसळले गेले आणि पन्नासहून अधिक कामगारांना त्याची बाधा झाली.

जंगल वाचवा म्हणणाऱ्या शहरी पर्यावरणवादी मंडळींनीही यातून बोध घेतला पाहिजे. पाण्याचा पेला ओठाला लावणारा कामगार ज्या निसर्गरक्षणाच्या हिशेबात नाही, ते निसर्गरक्षण अपुरे आहे. आणि केवळ ‘आमच्या दारात नको’ एवढाच ज्याचा आग्रह, तो कचरा शेवटी दुबळ्याच्याच दारात लोटतो.

कचरा कोठेतरी ठेवावाच लागेल, हे आम्ही नाकारीत नाही. फिनलंडने ओन्कालो येथे खडकात कोठार खोदले. पण तेथील कायद्याने युराजोकी नगरपालिकेस नकाराधिकार दिला होता आणि तिच्या संमतीनंतरच २००१ साली संसदेने मान्यता दिली. आपल्याकडे मात्र खाणवस्तीला बातमी वृत्तपत्रातून कळते!

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचे दार खाजगी भांडवलाला उघडले. नफा कोणाचा, हे आता स्पष्ट झाले आहे. कचरा कोणाचा, हे स्पष्ट करून घेणे जनतेच्या हाती आहे. कचऱ्याच्या प्रत्येक जागेची माहिती आधी प्रसिद्ध झाली पाहिजे, स्थानिक जनतेला नकाराचा कायदेशीर हक्क मिळाला पाहिजे आणि कंत्राटी कामगारांसह प्रत्येकाच्या किरणोत्सर्गाची नोंद त्याच्या हाती दिली पाहिजे. कोलारच्या सायनाइडच्या डोंगरांचा बंदोबस्त ही या मार्गावरील पहिली कसोटी होय!