सियाचीनची दोन वर्षं आणि अविनाश साबळे: समजून घ्या

भाट्येच्या वाळूत भरतीसाठी धावणाऱ्या मुलांना फौज गाठायची असते. अविनाश साबळेचं उलटं झालं, तो फौजेतून धावण्याकडे आला.

बीडच्या मांडव्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा बारावीनंतर ५ महारमध्ये भरती झाला. २०१३-१४ मध्ये सियाचीन. तिथला गोळीबार २००३ च्या शस्त्रसंधीनंतर थांबला, पण थंडी आणि हिमस्खलन अजून जीव घेतात. पुढे राजस्थानचं वाळवंट. इतर धावपटूंची पायाभरणीची वर्षं त्याची सीमेवरच गेली.

२०१५ मध्ये लष्करी क्रॉस कंट्रीत तो पहिल्यांदा उतरला. २०१८ ला भुवनेश्वरमध्ये स्टीपलचेसचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२३ ला हांगझोऊत आशियाई सुवर्ण. लष्कराने वर्षं घेतली, हे खरं. पण पगार आणि प्रशिक्षक अमरीश कुमारही तिथेच मिळाले. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोत गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली.