सूर्याची वीज आणि जस्ताची चारी

परळीचे औष्णिक वीज केंद्र 2015 साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. तेव्हा बीड जिल्ह्याला सौर विजेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. 2024 पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने 10 टक्के रक्कम भरायची, बाकी अनुदान. ही पॅनेल सिलिकॉनची. कंपन्या त्यांची 25 वर्षांची हमी देतात.

आता बातम्या येतात त्या छापून काढता येणाऱ्या, चटईसारख्या गुंडाळता येणाऱ्या सेंद्रिय सौरघटांच्या. (सेंद्रिय म्हणजे शेणखत नव्हे, कार्बनी रेणूंचे.) 1986 साली अशा घटाची कार्यक्षमता एक टक्का होती, आज प्रयोगशाळेत ती 19 च्या पुढे गेली आहे. बातमी इथे संपते. माझी सारी नोकरी कर्जप्रकरणे तपासण्यात गेली, त्यामुळे मला पुढचे विचारावेसे वाटते: वस्तू टिकणार किती वर्षे? त्याशिवाय हप्ते बांधायचे कसे?

याची गोम आहे एका पातळ थरात. उन्हाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन बाहेर तारेपर्यंत नेण्यासाठी अनेक घटांत झिंक ऑक्साइडचा थर देतात. आयुर्वेदातल्या यशद भस्मात मुख्यतः हेच असते. जाडी केसाच्या हजाराव्या हिश्शाहून कमी. काम मात्र मांजरा कालव्याच्या चारीसारखे. चारीला भगदाडे असली की टेलच्या शेतकऱ्याला थेंब मिळत नाही. तसेच या थरात ऑक्सिजनच्या अणूंच्या जागा रिकाम्या राहिल्या की इलेक्ट्रॉन तिथेच अडकतात. त्याहून वाईट म्हणजे, उन्हातले अतिनील किरण पडले की हा थर शेजारच्या सेंद्रिय रेणूंनाच मोडू लागतो. चारीनेच रान खावे तसे!

यावर इलाज चालू आहेत. कोणी त्यात किंचित ॲल्युमिनियम मिसळतो, कोणी वर एका रेणूच्या जाडीचे अस्तर देतो, कोणी जस्त सोडून कथिलाच्या ऑक्साइडकडे वळतो. टिटॅनियम ऑक्साइड साधारण 450 अंशांना भाजावे लागे, त्यात प्लॅस्टिक कसले तगणार? कथिलाचे काम दीडशेच्या आसपास भागते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात असे ऑक्साइडचे थर द्रावण फवारून वा द्रावणात बुडवून स्वस्तात बसवण्यावर कित्येक वर्षे संशोधन झाले आहे. आपल्याकडे याची चर्चा फारशी होत नाही.

टक्केवारी मोजतात ती 25 अंशांना. आष्टी-पाटोद्याच्या माळावर मे महिन्यात पॅनेल साठ अंशांवर तापते. सिलिकॉनच्या पॅनेलला 85 अंश उष्णता आणि 85 टक्के दमटपणात 1000 तास काढावे लागतात. नवे पॅनेल विकायला कोणी दारात आलाच, तर त्याच परीक्षेचा कागद आधी मागा. तो हाती येईपर्यंत मी तरी कोणाला सिलिकॉन सोडा म्हणणार नाही.