रात्रीचा बिछाना किती उंचीवर?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घराघरांत काश्मीर-लडाखचे बेत सुरू होतात. अलीकडे त्यात कॅम्परव्हॅनची भर पडली आहे. मागे झोपण्याची सोय, कोपऱ्यात शेगडी, पाण्याची टाकी आणि छोटेसे शौचालय, असे हे चाकांवरचे घर भाड्याने मिळते. आपल्या कुटुंबांना त्याची ओढ वाटावी हे साहजिकच आहे. हलाल जेवण शोधत फिरावे लागत नाही, वुजूला पाणी हाताशी असते, दादी-नानींना आडोसा मिळतो आणि मुलांना भूक लागली की गाडी बाजूला घेऊन खिचडी टाकता येते.

मात्र याच सोयीत एक धोका दडलेला आहे. “बिछाना बरोबर आहे, दमलो की तिथेच झोपू,” हा हिशेब आपल्या सह्याद्रीत चालतो. हिमालयात तो जिवावर बेतू शकतो.

उंचीचा अंदाज घेऊ या. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर. श्रीनगर शहरच जवळपास तेवढ्या, म्हणजे सुमारे 1,585 मीटर उंचीवर वसले आहे. लेह तर 3,500 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला काही दिवस द्यावे लागतात. झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातील ऑक्सिजन आणखी उतरतो. म्हणून दिवसा किती उंच खिंड ओलांडली यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो, हे जास्त महत्त्वाचे. डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा: 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा.

आता लेहला जाणारे दोन रस्ते या नियमावर तपासून पाहा.

मनाली सुमारे 2,050 मीटरवर आहे. 2020 मध्ये 9 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगची खिंड टळली. वेळ वाचला, त्यामुळे एकाच दिवसात सरचूपर्यंत पोहोचण्याचा मोहही वाढला. सरचू जवळजवळ 4,300 मीटरवर आहे. म्हणजे सकाळी मनालीत उठलेले मूल रात्री सव्वादोन हजार मीटर वर झोपणार! त्यातही वाईट गोष्ट अशी की, सरचूच्या मागे बारालाचा आणि पुढे नकीला या खिंडी आहेत. कोणाची तब्येत रात्री बिघडली, तर खाली उतरण्यासाठी आधी आणखी वर चढावे लागते. पुढचा पांगचा मुक्काम तर सुमारे 4,600 मीटरवर. तिथेही दोन्ही बाजूंना 5,000 मीटरपेक्षा उंच खिंडी आहेत.

श्रीनगरचा रस्ता कुटुंबासाठी पुष्कळ सौम्य. सोनमर्ग सुमारे 2,700 मीटर. नंतर 3,528 मीटरची झोजीला ओलांडायची, पण मुक्काम करायचा तो 2,676 मीटरवरच्या कारगिलमध्ये. जिल्ह्याचे ठिकाण असल्याने तिथे रुग्णालय आहे, बाजार आहे. पुढची रात्र मुलबेखला सुमारे 3,300 मीटरवर काढावी, मग 4,108 मीटरची फोतूला पार करून लेह गाठावे. लेहमध्ये पहिले दोन दिवस नुसता आराम. मनालीची वाट पाहायचीच असेल, तर ती परतीला ठेवा. तोवर शरीर सरावलेले असते.

लक्षणे घरातील प्रत्येकाला ठाऊक हवीत. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे ही सुरुवात. अशा वेळी आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे हे मात्र गंभीर इशारे. मग सकाळची वाट पाहायची नाही, ताबडतोब खाली उतरायचे. लहान मुलांना सांगता येत नाही. ती चिडचिड करतात, खाणे सोडतात. “प्रवासाने दमलाय” म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका. हृदयरोग, दमा किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी बेत ठरवण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. उंचीवरच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात.

गाडीतील संसाराचेही काही नियम आहेत. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत गॅस किंवा कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो, ना रंग. झोपलेल्याला जाग येत नाही. ऊब जाड रजयांची घ्या आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. लेहमध्ये पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर हवाच. अशी व्हॅन जड असते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबले की ते तापून निकामी होतात, म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरा आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. शौचालयाची टाकी नदीकाठी रिकामी करणे म्हणजे खालच्या गावाचे पिण्याचे पाणी नासवणे. आणि बाहेरच्या राज्यातील भाड्याच्या गाडीला लडाखमध्ये कुठवर फिरू देतात, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

शेवटची गोष्ट निर्णयाची. प्रवासात एकाला अमीर नेमावे, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. या प्रवासात अमीर असा नेमा की ज्याला “आता परत फिरायचे” म्हणताना संकोच वाटणार नाही. बहुतेक वेळा बुकिंगचे पैसे, राहिलेली सुट्टी, मुलांचा हट्ट यांपुढे तब्येतीचा विषय मागे पडतो. घरात सर्वांच्या दुखण्याखुपण्यावर जिची नजर असते, ती अम्मीच या कामाला बहुधा सर्वांत योग्य. तिचा शब्द घरातून निघतानाच सर्वांनी मान्य करावा.

नकाशा काढाल तेव्हा प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे त्याची उंची मीटरमध्ये लिहा आणि तो कागद गाडीत सर्वांना दिसेल असा चिकटवा. सफर मुबारक!