आधी दर, मग छत

घरावर सोलर बसवायचे ठरले की पहिला प्रश्न असतो, ‘छतावर किती किलोवॅट मावतील?’ दुसरा, ‘सबसिडी किती?’ आणि तिसरा, ‘पॅनेल कुठल्या कंपनीचे?’ आपल्या घराला वीज कोणत्या दराने पडते, हा प्रश्न बहुतेक घरांत पहिले बिल हातात आल्यावर उगवतो, आणि तोही तणतणत. माझे म्हणणे असे की हा क्रमच चुकीचा आहे. दर आधी वाचावा, छत नंतर मोजावे.

यावर ठरलेला आक्षेप लगेच येतो. ‘दर निवडायला मिळतोच कुठे? महावितरणचा घरगुती दर सगळ्यांना एकच. आयोगाने ठरवला, आपण भरला.’ अर्धे खरे आहे. मुंबईच्या उपनगरांत टाटा पॉवर आणि अदानी यांच्यातून पुरवठादार निवडण्याची सोय आहे. बाकी महाराष्ट्रात तीही नाही. पण निवडीचा छापील फॉर्म नाही, म्हणून निवड नाही असे कसे? सोलर किती किलोवॅटचे घ्यायचे हे ठरवताच तुम्ही उरलेली वीज कोणत्या पायरीच्या दराने घेणार, हे ठरवून टाकता. सिंगल फेज ठेवायचा की थ्री फेज, हेही तुम्हीच ठरवता. २०१९च्या राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमावलीत नेट मीटरिंग आणि नेट बिलिंग अशा दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, आणि दोहोंचा हिशेब वेगळा पडतो. या सगळ्यावर सही तुमचीच असते. फक्त ती व्हेंडरने पुढे केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात होऊन जाते.

आता आकड्यांकडे येऊ. महावितरणचा घरगुती दर पायऱ्यांचा आहे: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यावर चौथा. २०२४-२५ साली वीज आकार आणि वहन आकार मिळून हे दर अनुक्रमे ५ रुपये ८८ पैसे, ११ रुपये ४६ पैसे, १५ रुपये ७२ पैसे आणि १७ रुपये ८१ पैसे होते. नंतरच्या आदेशांनी आकडे हलले, पायऱ्या तशाच राहिल्या. पहिल्या पायरीवरून दुसरीवर पाय ठेवताच दर जवळजवळ दुप्पट होतो, ही गोष्ट सोलरच्या संदर्भात सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तीच सगळ्यांत कमी सांगितली जाते.

महिन्याला ४०० युनिट वापरणारे घर घ्या. एक एसी, गीझर, फ्रिज, पाण्याचा पंप असे नेहमीचे घर. एक किलोवॅट सोलर आपल्याकडे सरासरी दिवसाला चार, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट देते. पहिला किलोवॅट वरच्या पायरीवरचे १०० युनिट १५.७२च्या दराने आणि खालचे २० युनिट ११.४६च्या दराने वाचवतो: महिन्याला सुमारे १,८०० रुपये. दुसऱ्या किलोवॅटचे सगळे १२० युनिट मधल्या पायरीवरचे, म्हणजे १,३७५ रुपये. तिसरा निम्मा मधल्या, निम्मा खालच्या पायरीवर: १,०४० रुपये. चौथ्याला वाचवायला उरतात फक्त ४० युनिट, तेही ५.८८चे. २३५ रुपये! बाकीचे ८० युनिट शिल्लक. त्याच छतावर, त्याच उन्हात, त्याच बनावटीचे पॅनेल, आणि पहिल्याची कमाई चौथ्याच्या साडेसात पट. (यात १६ टक्के वीज शुल्क धरलेले नाही, ते धरले तरी हे प्रमाण तेच राहते.)

पंतप्रधान सूर्यघर योजनेची सबसिडीही याच दिशेने बोट दाखवते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० झाले की थांबले. चौथ्या किलोवॅटला सरकार एक पैसा देत नाही. तरीही ‘जागा आहे तर पाच बसवा, पुढेमागे इलेक्ट्रिक गाडी घ्याल’ असा सल्ला सर्रास मिळतो. गाडी घेणार असाल तर जरूर बसवा; पण गाडी येईपर्यंतची वर्षे कोणत्या भावाने जाणार ते आधी मांडून बघा.

‘शून्य बिल’ या जाहिरातीबद्दल फार बोलायला नको. शून्य बिल येत नाही. वापर शून्य झाला तरी स्थिर आकार लागतोच; २०२४-२५ मध्ये सिंगल फेजला तो महिन्याला १२८ रुपये होता आणि थ्री फेजला त्याच्या तिपटीहून जास्त. सोलरच्या निमित्ताने गरज नसताना थ्री फेज करून घेणारे घर ही रक्कम दरमहा भरत राहते. खरा धोका मात्र वेगळा आहे. शून्याचा हट्ट धरला की माणूस शेवटचे १०० युनिटही मारायला निघतो, आणि ते युनिट तर आपल्याकडे सगळ्यांत स्वस्त आहेत.

‘जास्तीची वीज कंपनी विकत घेतेच की,’ हा यावरचा लाडका युक्तिवाद. घेते, पण कधी आणि कशी? नेट मीटरिंगमध्ये या महिन्यात जास्त झालेले युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा होतात. ३१ मार्चला खाते बंद. उरलेले युनिट कंपनी आयोगाने मंजूर केलेल्या दराने घेते, आणि तो दर तुम्ही भरता त्या किरकोळ दराच्या आसपासही नसतो. १ एप्रिलला पाटी कोरी.

ही तारीख महाराष्ट्राच्या ऋतूंशी ताडून बघा. डिसेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र असते, पॅनेल थंड असल्याने बऱ्यापैकी काम करतात, आणि घरात पंखासुद्धा लागत नाही. तीन किलोवॅटचे घर अशा महिन्यांत २५० युनिट वापरत असेल, तर दरमहा शंभरावर युनिट मागे पडतात. मार्चअखेर तीनशे-साडेतीनशेची पुंजी होते, आणि ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर मोडीत निघते. मेमध्ये एसी लागला, वापर ६०० झाला आणि सोलरने ३६० दिले, की उरलेले २४० युनिट विकत घ्यावे लागतात. वर दिलेल्याच पायऱ्यांच्या दरांनी हे सुमारे २,२०० रुपये झाले. हिवाळ्यातली पुंजी खात्यात राहिली असती तर हे बिल स्थिर आकारावर आले असते. मोठा प्रकल्प घेतला की हा तोटा मिटतो असे वाटते. प्रत्यक्षात मोडीत जाणारी पुंजीच मोठी होते.

आता एक घरगुती समजूत. ‘सोलर बसवलेय ना, मग वॉशिंग मशीन दुपारीच लावायचे.’ सासू सुनेला सांगते, व्हेंडर दोघींना सांगतो. साध्या नेट मीटरिंगमध्ये याने एका रुपयाचाही फरक पडत नाही. दुपारी बाहेर गेलेले युनिट आणि रात्री आत आलेले युनिट यांची वजाबाकी महिनाअखेर होते. घड्याळ कुणी बघत नाही. मशीन रात्री दहाला लावले तरी बिल तेच. बॅटरीचेही तसेच. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरी घ्यावी, कारण साधे ग्रिडला जोडलेले सोलर लाइट गेली की सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद पडते. पैसे वाचवायला म्हणून नेट मीटरिंगवाल्या घराने बॅटरी घेणे ही हौस आहे.

पण मीटर घड्याळ बघू लागले की हे सगळे गणित फिरते, आणि ते दिवस आता दारात आले आहेत. केंद्राने २०२३च्या जूनमध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून शेती सोडून इतर ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत वेळेनुसार दर लावावेत असे सांगितले: उन्हाच्या आठ तासांत नेहमीपेक्षा किमान २० टक्के स्वस्त, मागणीच्या वेळी महाग. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दराचे) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत प्रतियुनिट ८० पैसे सवलत जाहीर झाली. लगेच कौतुक सुरू झाले: ‘दिवसा वीज स्वस्त, सोलरवाल्यांची चंगळ!’

कसली चंगळ? सकाळी ९ ते ५ मध्ये सोलरवाले घर ग्रिडची वीज घेतेच किती? जी वीज आपण विकत घेत नाही, तिच्यावरच्या सवलतीचा उपयोग काय? ही सवलत दिवसा घरी माणसे असलेल्या आणि छतावर काही नसलेल्या घरासाठी चांगली आहे, आणि मी तिचे स्वागतच करतो. सोलरवाल्याने मात्र सवलतीचा आकडा सोडून हिशेबाची पद्धत वाचावी. २०१९च्या नियमावलीत टीओडी ग्राहकांसाठी एक कलम आहे: एका वेळेच्या कप्प्यात तयार झालेली वीज आधी त्याच कप्प्यातल्या वापरातून वजा होते, आणि जी उरते ती कमी मागणीच्या कप्प्यात जमा धरली जाते. कमी मागणीची वेळ पूर्वी रात्रीची असे. ती दिवसाची झाली की दुपारची शिल्लक दुपारच्याच कप्प्यात अडकून पडते आणि संध्याकाळचा टीव्ही, स्वयंपाकघर, एसी पूर्ण दराने चालतो. घरगुती सोलरला हे जसेच्या तसे लावले तर आजचे नेट मीटरिंग नावापुरते उरेल. तेव्हा मात्र सासूबाईंचा सल्ला खरा ठरेल.

अमेरिकेतले नातेवाईक या बाबतीत हिरिरीने सल्ले देतात. कॅलिफोर्नियातल्या मावसभावाचा फोन येतो, ‘टाइम ऑफ यूज प्लॅन घ्या, बॅटरी घ्या.’ त्याच्या जागी तो बरोबर आहे. तिथे घरमालकाला खरोखर वेगवेगळ्या दरयोजनांतून निवडता येते, महाग वेळ दुपारी ४ ते रात्री ९ अशी असते, आणि १५ एप्रिल २०२३ पासून अर्ज केलेल्यांना ग्रिडमध्ये सोडलेल्या विजेचा मोबदला पूर्वीच्या मानाने फारच कमी मिळतो. साहजिकच दुपारची वीज बॅटरीत ठेवून संध्याकाळी वापरणे त्यांना परवडते. आपल्याकडे साधे नेट मीटरिंग असलेल्याने तो सल्ला जसाच्या तसा उचलला, तर दोन-चार वर्षांच्या बिलांइतका पैसा बॅटरीत घालून हाती काही लागणार नाही.

वितरण कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ती म्हणते, दुपारी वीज मुबलक, संध्याकाळी टंचाई. तुम्ही दुपारची स्वस्त वीज देऊन संध्याकाळची महाग वीज युनिटास युनिट घेता, आणि हा भार सोलर न परवडणाऱ्यांवर पडतो. शिवाय सोलर बसवणारा बहुधा वरच्या पायरीचा ग्राहक, ज्याच्या पैशावर खालच्या पायरीचा दर उतरतो. मला यातले बरेच मान्य आहे. खांब, तारा, रोहित्र यांचा खर्च सोलरवाल्यानेही उचलायला हवा. पण तो उचलायचा सरळ मार्ग स्थिर आकाराचा आहे. तो वाढवा, उघडपणे वाढवा. ग्राहकाला छापील आकडा दिसतो आणि तो त्यावर भांडू शकतो. कप्प्यांच्या हिशेबातून युनिटची किंमत गुपचूप कापली, तर कर्ज काढून पॅनेल लावलेल्या माणसाला आपला तोटा कुठे झाला ते बिल चार वेळा वाचूनही सापडणार नाही. दर कमी-जास्त होणे माणूस सोसतो. पंचवीस वर्षांचा खर्च केल्यावर मोजण्याची रीतच बदलणे ही फसवणूक वाटते, मग नियमात बसत असो वा नसो.

तेव्हा सोलर घेणाऱ्याने मागच्या बारा महिन्यांची बिले काढावीत आणि युनिटचा रकाना महिनावार लिहून काढावा. ३००च्या वर किती महिने जाता, १००च्या खाली कधी येता, हे दिसले की किलोवॅटचा आकडा आपोआप खाली येतो. वरच्या दोन-तीन पायऱ्या छाटता येतील एवढेच घ्यावे. पहिले शंभर युनिट कंपनीकडून घ्यावेत, ती ते स्वस्तात देते. ज्या घराचा वापर मुळात १००च्या आतच आहे, त्याने घाई करू नये, कुणी कितीही आग्रह केला तरी. व्हेंडरला वार्षिक बचत विचारण्याऐवजी ३१ मार्चला किती युनिट उरतील ते कागदावर लिहून मागावे. जो लिहून देणार नाही त्याच्याकडून घेऊ नये.

आणि एक काम एकट्या घराचे नाही. नेट मीटरिंगचे खाते ३१ मार्चला बंद करण्यात विजेच्या दृष्टीने काहीच तर्क नाही. ती जमाखर्चाची तारीख आहे. तेच खाते ३० सप्टेंबरला बंद केले, तर पावसाळ्यात पुंजी बहुधा संपलेली असेल, हिवाळ्याची शिल्लक उन्हाळ्यात कामी येईल, आणि मोठे पॅनेल लावून बसलेल्याला कंपनीच्या अंगावर वर्षभराची वीज ढकलताही येणार नाही. वीज नियामक आयोग दरनिश्चितीपूर्वी सूचना-हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. पुढच्या सुनावणीला ज्यांच्या छतावर पॅनेल आहेत त्यांनी एवढी एक मागणी लेखी द्यावी: आमचे खाते सप्टेंबरअखेर मिटवा, आणि टीओडीचे कप्पे लावायचेच असतील तर आधी बारा महिने दोन्ही पद्धतींचा हिशेब त्याच बिलावर शेजारी शेजारी छापा.